बरगडीतली खिडकी

लग्न झालं तेव्हा टॅमसिन एकोणीस वर्षांची होती आणि डॉक्टर जर्विस ऑल्डवर्थ एकेचाळीसचे. इंग्लंडमधल्या लडलो गावात त्यांच्याइतका शिकलेला माणूस दुसरा नव्हता. इटलीतल्या पादुआला जाऊन वैद्यकी शिकून आलेले. ते शिंकतातसुद्धा लॅटिनमध्ये, असं बाजारातले लोक म्हणायचे. रोग्यांशी ते गोड बोलत, कुणावर आवाज चढवत नसत. पण त्यांचा जीव रोग्यांत नव्हता आणि रोग बरा करण्यातही नव्हता. जिवंत शरीराच्या आत काय चालतं ते आपल्या डोळ्यांनी बघायचं, एवढंच त्यांना आयुष्यात हवं होतं.

मागच्या अंगणात एक दगडी खोली होती. तिथे ते कुत्री आणि डुकराची पिल्लं फळीला बांधून जिवंतपणी उघडत. पहिल्या वर्षी टॅमसिन कानात लोकरीचे बोळे घालून बसायची. दुसऱ्या वर्षी बोळे घालायचं तिच्या लक्षात राहीनासं झालं. तिसऱ्या वर्षी तिची स्वतःची कुत्री दिसेनाशी झाली. माहेराहून आणलेली, म्हातारी, पायात घोटाळणारी.

"अहो, माझी पिपिन कुठे दिसली का?"

"फार गुणी कुत्री," डॉक्टर म्हणाले. "इतकी शांत पडून राहिली, की मला पहिल्यांदा यकृत नीट बघायला मिळालं." त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी कृतज्ञता होती. टॅमसिन त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र जेवली.

वॉटकिन प्रॉबर्ट त्यांच्याकडे आला तो त्यानंतर दोन वर्षांनी. यादवी युद्धातल्या वूस्टरच्या लढाईत त्याच्या डाव्या बरगडीत बंदुकीची गोळी घुसली होती. गोळी निघाली, दोन बरगड्यांचे तुकडे निघाले, पण जखम मिटली नाही. सुपारीएवढं भोक राहिलं, आणि त्या भोकातून त्याचं काळीज दिसायचं. धडधडताना दिसायचं. गावोगावच्या जत्रांत तो सदरा वर करून लोकांना ते दाखवायचा आणि भाकरी मिळवायचा. डॉक्टरांनी त्याला अशाच एका जत्रेत पाहिला आणि घरी घेऊन आले. मागच्या अंगणाला लागून एक खोली दिली, दोन वेळचं जेवण, दिवसाला एक मापटं बिअर.

"हा वॉटकिन," डॉक्टर म्हणाले. लग्नाच्या दिवशीसुद्धा टॅमसिनने त्यांना इतकं आनंदात पाहिलं नव्हतं. "परमेश्वराने या माणसाला खिडकी ठेवलीय, टॅमसिन. ती नीट राखायची हे आता तुझं काम."

काम असं होतं: रोज सकाळी जखम बार्लीच्या कोमट पाण्याने धुवायची, आतून येणारा पू टिपून घ्यायचा, आणि मग अंगठ्याएवढी जाड चांदीची नळी भोकात बसवून वर कापसाची घडी बांधायची. पहिल्या दिवशी टॅमसिनने नळी दोनदा पुसली, मग तिसऱ्यांदा पुसायला घेतली. वॉटकिनच मान वळवून म्हणाला, "बाईसाहेब, बिनधास्त करा. आत काही चोरायसारखं नाही."

तो तिशीचा होता. मूळचा क्लनचा, वेल्सच्या टेकड्यांजवळचा. धंद्याने टोपल्या विणणारा. नदीकाठच्या विलो झाडांच्या लवचीक फांद्या आणून तो दिवसभर अंगणात विणत बसायचा. क्लनला त्याची थोरली बहीण होती, ग्वेन्लियन. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. तिच्याबद्दल तो बोलायला लागला की थांबायचा नाही. तिने एकदा बैलाला कसं थोबाडलं, पाद्रीबुवांना ती कशी उलट बोलली. टॅमसिनला मूल नव्हतं, गावात कुणी मैत्रीण नव्हती. ती जखम धुवायला लागली की तो बोलायचा, आणि हळूहळू ते धुणं लांबत गेलं.

"दुखतं का रे, हात लागला की?"

"कातडीला दुखतं. काळजाला काही कळतच नाही, बाईसाहेब. डॉक्टरसाहेबांनी बोट लावून पाहिलंय कितीदा. लोक उगाच म्हणतात, काळजाला लागलं म्हणून."

टॅमसिन हसली. त्या घरात ती फार दिवसांनी हसली होती.

पाच वर्षांत डॉक्टरांनी त्या खिडकीतून काय काय पाहिलं त्याची चोपडी भरली. वॉटकिनला चार दिवस उपाशी ठेवून पाहिलं. बर्फाच्या पाण्यात बसवून पाहिलं. जिना चढायला लावून, लगेच झोपवून, दारू पाजून पाहिलं. तो कुरकुरायचा, पण करायचा. जत्रेपेक्षा हे बरं, म्हणायचा.

मग एका एप्रिलात दोन विद्वान पाहुणे आले. डॉक्टरांशी त्यांचा पत्रव्यवहार होता. दुपारचं जेवण झालं, मेंढीचं मांस झालं, वाइन झाली, आणि सगळे मागच्या खोलीत गेले. वॉटकिन सदरा काढून स्टुलावर बसला. टॅमसिनने नळी काढली आणि आरसा असा धरला, की उन्हाची तिरीप नेमकी भोकात पडावी. पाहुणे वाकून बघायला लागले.

डॉक्टरांनी खिशातून एक कागद काढला.

"वॉटकिन," ते हळू आवाजात म्हणाले, "क्लनहून पत्र आलंय. तुला आधी सांगायला हवं होतं. पण धीर झाला नाही."

वॉटकिनने मान वर केली.

"तुझी बहीण गेली. मंगळवारी. तापाने. शेवटी तुझंच नाव घेत होती."

टॅमसिनच्या हातातला आरसा हलला. "स्थिर धर," डॉक्टर तिच्याकडे न बघता म्हणाले. आणि तिने धरला. पुढे आयुष्यभर तिला डाचत राहिलं ते हेच, की तिने आरसा स्थिर धरला.

भोकातलं काळीज एकदम आखडलं. क्षणभर ते थांबलंच. मग असं उसळायला लागलं, की कडेची कातडी हलायला लागली. पाहुण्यांपैकी एक जण मोठ्याने ठोके मोजत होता. त्याने दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं होतं. डॉक्टर भराभर लिहीत होते. पान उलटून झाल्यावर त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि त्याच्या खांद्यावर थोपटलं.

"अरे, खोटं होतं ते. ती ठणठणीत आहे. कुणी पत्र पाठवलेलं नाही." मग पाहुण्यांकडे वळून, "आता बघा. आता आनंदाने काय होतं ते बघा."

पाहुणे पुन्हा वाकले.

वॉटकिन हसला. तसाच रडायला लागला. मग त्याने विचारलं, "डॉक्टरसाहेब, यातलं खरं कुठलं?" सगळे मोजत होते.

त्यानंतर त्याचा कशावरच विश्वास बसेना. बहीण जिवंत आहे असं टॅमसिनने बायबलवर हात ठेवून सांगितलं, तरी तो नुसता बघत राहायचा. शेवटी तिने क्लनला जाणाऱ्या एका लोकरवाल्याबरोबर निरोप पाठवला. तिकडून ग्वेन्लियनने ओटच्या दोन भाकऱ्या आणि एक शिवी परत पाठवली. ती शिवी ऐकून वॉटकिनला पटलं. पण बोलणं कमी झालं ते झालंच. एका सकाळी टॅमसिन पू टिपत असताना त्याने तिचं मनगट धरलं.

"बाईसाहेब, हे बुजवा."

"काय?"

"भोक. नळी घालता म्हणून ते उघडं राहतं. मला माहीत आहे. नळी काढली की रात्रीत कडा जवळ येतात. मला यांची खिडकी नाही व्हायचं. मला क्लनला जायचंय."

"त्यांना कळलं तर?"

"कळलं तर काय करतील? पुन्हा गोळी घालतील?"

ती नळी आपण रोज आपल्या हाताने बसवतो, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण त्याच्या तोंडून ऐकल्यावर तिला नळी हातात धरवेना.

जूनमध्ये डॉक्टर आपला निबंध वाचायला लंडनला गेले, सहा आठवड्यांसाठी. ते गेले त्याच दिवशी टॅमसिनने नळी काढून ठेवली. तिच्या आईचा एक मलम होता, मध, मेण आणि ओढ्याकाठच्या पानांचा रस यांचा. तो ती दिवसातून दोनदा लावायला लागली. कडा आधी गुलाबी झाल्या, मग जवळ आल्या. पाचव्या आठवड्यात तिथे फक्त एक चुणी पडलेला, चकचकीत वण उरला. वॉटकिन त्याच्यावरून सारखं बोट फिरवायचा. एका रविवारी तो चर्चमध्ये मागच्या बाकावर ताठ बसला. बाजारात एकाने ओरडून विचारलं, "काय वॉटकिन, दुकान बंद?" तर तो म्हणाला, "मालक गावाला गेलाय, तोवर मीच विकत घेतलं!" टॅमसिन ते ऐकून इतकी हसली, की लोक बघायला लागले.

ऑगस्टमध्ये हवा निवळली की तो क्लनला जाणार होता. ग्वेन्लियनसाठी त्याने झाकणाची एक मोठी टोपली विणायला घेतली होती.

डॉक्टर परतले. टॅमसिनने काय काय ऐकावं लागेल याची मनाशी उजळणी केली होती. त्यांनी वॉटकिनचा सदरा वर केला, वण पाहिला, बोटाने दाबून पाहिला, कान लावून आतलं ऐकलं. बराच वेळ ऐकलं.

"कुणी केलं?"

"मी," टॅमसिन म्हणाली.

"सुबक आहे," डॉक्टर म्हणाले, आणि हात धुवायला निघून गेले.

बस्स, इतकंच. रागावले नाहीत, नळी पुन्हा घातली नाही. उलट वॉटकिनला अंगणात त्रास होईल म्हणून घरातली पूर्वेकडची खोली दिली. रोज सकाळी ते स्वतः येऊन त्याची नाडी बघत. भूक कशी आहे, घाम येतो का, कुठल्या कुशीवर झोप लागते, विचारत आणि लिहून घेत. टॅमसिनला वाटलं, लंडनहून येताना हा माणूस बदलून आला. तिने त्यांच्यासाठी त्यांच्या आवडीचा सफरचंदाचा पदार्थ केला. वॉटकिनलाही तेच वाटलं. "बघा, आपण उगाच घाबरलो," तो म्हणाला.

दहाव्या दिवशी त्याला हुडहुडी भरली. बाराव्या दिवशी डाव्या कुशीवर झोपता येईना. पंधराव्या दिवशी वणाच्या भोवती फुगवटा आला, लाल, गरम, आणि श्वास घेताना आतून पाणी हलल्यासारखा आवाज यायला लागला. पू यायचा थांबला नव्हता. फक्त त्याची वाट बंद झाली होती.

टॅमसिन धावत अभ्यासिकेत गेली. "अहो, आत पू साठलाय. उघडायला हवं."

"हो, साठलाय. बराच."

"मग चला ना! नस्तर घ्या."

डॉक्टर चोपडीतून मान वर करून तिच्याकडे बघत राहिले. नजरेत राग अजिबात नव्हता. "जखमेचं तोंड सुकलं आणि आत ओल राहिली की काय होतं, ते मला पहिल्याच दिवशी ऐकू आलं होतं, टॅमसिन. बाहेरून बघण्यासारखं होतं ते मी पाच वर्षांत पाहून घेतलं. आता पुवात बुडालेलं काळीज किती दिवस चालतं, आणि त्याचं रूप काय होतं, हे आजवर कुणी पाहिलेलं नाही."

"तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस कुठे?"

तिने त्यांच्या पायांवर पडून पाहिलं. हत्यारांची पेटी बंद होती, किल्ली त्यांच्या कमरेला होती. ते तिला उठवत म्हणाले, "ती खिडकी मी बुजवली असती तर तो खून झाला असता. तू बुजवलीस, ती माया. त्यात कुणाचा दोष नाही."

टॅमसिन पूर्वेच्या खोलीत परत आली. वॉटकिनचे ओठ निळे पडले होते. कोपऱ्यात अर्धवट विणलेल्या टोपलीजवळ विलो सोलायचा त्याचा बाकदार सुरा पडला होता. तिने तो उचलला, सदऱ्याला पुसला आणि वणावर टेकवला.

"करा," वॉटकिन म्हणाला. "करा, बाईसाहेब. मी हलणार नाही."

तिने दाबलं. कातडी फाटली, रक्त आलं. पण त्या कातडीखाली काय आहे ते तिने पाच वर्षं रोज पाहिलं होतं. बोटभर अंतरावर उसळणारं ते काळीज तिच्या डोळ्यांसमोर आलं आणि तिचा हात थिजला.

"अजून बोटभर खोल," दारातून आवाज आला. डॉक्टर चोपडी घेऊन उभे होते. "पण डावीकडे जरा जरी सरकलीस, तर लगेच जाईल. बघ. करतेस का?"

ते खरंच विचारत होते. तिने केलं असतं तर त्यांनी अडवलं नसतं, तेही लिहून घेतलं असतं. सुरा तिच्या हातातून गळून पडला. वॉटकिनने डोळे मिटले. त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

तो आणखी तीन दिवस जगला. गेला तो भर दुपारी, खिडकीतून ऊन येत असताना. शेवटच्या दिवशी तो ग्वेन्लियनशी बोलत होता, ती समोर आहे असं समजून, त्यांच्या वेल्श बोलीत. टॅमसिनला त्यातलं काही समजलं नाही.

त्याच संध्याकाळी दगडी खोलीत त्याला फळीवर घेतला. डॉक्टरांनी टॅमसिनला पितळी तसराळं धरायला सांगितलं. घरात दुसरं कुणी या कामाला तयार नव्हतं, आणि नाही म्हणायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. तसराळं तीनदा भरलं. मग डॉक्टरांनी काळीज बाहेर काढलं. त्याच्यावर सगळीकडून पांढुरका, लोंबता, ओल्या लोकरीसारखा थर चढला होता.

"टॅमसिन, बघ!" त्यांचा आवाज कापत होता. "अंगावर लोकर आल्यासारखं! अगं, बघ तरी!" आणि पन्नाशीला टेकलेला तो माणूस हुंदका देऊन रडायला लागला, पहिलं मूल हातात घेतल्यासारखा.

काळीज मद्यार्काच्या बरणीत गेलं. छाती टॅमसिनने शिवली. आपल्याकडच्या सगळ्यात चांगल्या दोऱ्याने, बारीक टाके घालून.

क्लनला निरोप गेला, आणि दुसऱ्या दिवशी ग्वेन्लियन गाढवाची गाडी घेऊन आली. रुंद हाडाची, उन्हाने रापलेली बाई. भावाच्या तोंडावरचं फडकं काढून तिने बराच वेळ पाहिलं, मग सदरा बाजूला करून टाके पाहिले.

"हे काय?"

"डॉक्टरांना बघावं लागलं. कशाने गेला ते."

टॅमसिनने ठरवलं होतं, हिला सगळं सांगायचं. मलम, सुरा, किल्ली, सगळं.

ग्वेन्लियनने तिच्याकडे नजर उचलली. "बाईसाहेब, सगळं आहे ना आत? पुरायला न्यायचाय. शेवटच्या न्यायाच्या दिवशी तो थडग्यातून अख्खा उठायला हवा."

"आहे," टॅमसिन म्हणाली. "सगळं आहे."

ग्वेन्लियनने तिचा हात हातात घेतला, आपल्या कपाळाला लावला आणि गाडी हाकली. अर्धी राहिलेली टोपली ती बरोबर घेऊन गेली.

डॉक्टरांचा ग्रंथ दोन वर्षांनी छापून आला आणि त्यांचं नाव समुद्रापलीकडे गेलं. दूरदूरचे विद्वान बरणी बघायला लडलोला येत. ग्रंथाच्या पहिल्या पानावर त्यांनी लॅटिनमध्ये पत्नीचे आभार मानले होते: तिच्या हाताशिवाय हे ज्ञान जगाला लाभलं नसतं. पाहुण्यांसमोर ते त्याचा अर्थ करून सांगत, कौतुकाने. टॅमसिन त्यांना वाइन वाढायची. ते आणखी एकोणीस वर्षं जगले, मान मिळवून, बिछान्यात झोपेत गेले. निरोपाच्या प्रवचनात पाद्रीबुवांनी त्यांच्या कोमल स्वभावाबद्दल सांगितलं. बरणी आणि चोपड्या न्यायला लंडनहून विद्वान लोक आले तेव्हा टॅमसिनने फक्त ती बरणी मागितली. त्यांनी हसून तिची समजूत घातली. बाईमाणसाने घरात ठेवण्यासारखी वस्तू नव्हे ती, म्हणाले, आणि पेंढ्यात गुंडाळून घेऊन गेले.

त्या वसंतात ती क्लनला गेली. ग्वेन्लियन सत्तरीची झाली होती. दारात कोंबड्यांना दाणे टाकत होती. टॅमसिन उभ्याउभ्याच बोलायला लागली. मलमापासून बरणीपर्यंत, काही न गाळता. ग्वेन्लियन दाणे टाकत राहिली.

"माहीत होतं," शेवटी ती म्हणाली. "घरी आणून त्याला आंघोळ घातली. छातीवर हात ठेवला, तर रिकाम्या टोपलीवर फडकं टाकावं तशी दबली."

"मग तू परत का आली नाहीस? कुणाला सांगितलं का नाहीस?"

"कुणाला? मॅजिस्ट्रेट तुमच्या यजमानांकडून औषध घ्यायचा." तिने मुठीतले दाणे झटकले. "तुम्ही 'आहे' म्हणालात ना, त्यावर मी वीस वर्षं काढली. मला माहीत होतं, तरी काढली. रोज स्वतःला सांगायची, बाईसाहेब म्हणाल्या, सगळं आहे. आता तेही तुम्ही काढून घ्यायला आलात."

टॅमसिन दारापासून एक पाऊल मागे सरली.

"तुम्हाला हलकं वाटलं असेल," ग्वेन्लियन म्हणाली. तिने आत जाऊन दाराची खालची फळी लावून घेतली, कडी घातली. "उजेड आहे तोवर निघा, बाईसाहेब. पुढे रस्ता वाईट आहे."